मदत हवी आहे: परसदाराला आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या लावल्या, आता दार अंगावर येतंय

मंडळी, विषय साध्या दाराचा आहे, पण घरातलं वातावरण त्यावरून तापलंय, म्हणून विचारतो.

आमचं घर नाशिकला इंदिरानगरात, तळमजल्यावर. स्वयंपाकघरातून मागे परसात जायला एक दार आहे. फ्लश डोअर, पावणेसात फूट उंच, अडीच फूट रुंद, सागवानी चौकट, चार इंची साध्या तीन बिजागऱ्या. दार आत उघडतं. आई (वय ७४) दिवसातून वीसदा तिथून ये-जा करते. कधी धुण्याची बादली, कधी तुळशीचं पाणी, कधी खरकटं. दोन्ही हात भरलेले, त्यामुळे दार तसंच सताड राहतं. मग संध्याकाळी डास, आणि दिवसभर एक करडा बोका. पंधरा दिवसांत त्याने दोनदा साय आणि एकदा अख्खं विरजण फस्त केलं.

म्हणून रविवार कारंज्याकडच्या एका दुकानातून स्प्रिंगच्या बिजागऱ्यांची जोडी आणली. ती चुकीची निघाली, दोन्ही बाजूंना झुलणारी, हॉटेलच्या भटारखान्याच्या दाराला असते तशी. आमच्या चौकटीला खाच आहे, दार तिच्यात येऊन टेकतं, पलीकडे जाणारच कसं? दुकानदाराने पूर्ण ऐकून न घेता खोकं हातात ठेवलं आणि मीही घरी येईपर्यंत उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन एका बाजूच्या आणल्या. ओळखीच्या सुताराने वरची आणि खालची काढून या बसवल्या, मधली साधीच ठेवली आणि अर्ध्या तासात पैसे घेऊन गेला.

आता स्प्रिंग घट्ट केली की दार धाडकन आपटतं, मांडणीवरची भांडी वाजतात. काल आईच्या कोपराला लागलं. सैल केली की दार चार बोटं अलीकडेच थांबतं, लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात शिरतच नाही. मधला टप्पा काही सापडत नाही. आई म्हणते जुन्याच बिजागऱ्या लाव, बोक्याचं मी बघते.

बिजागरी बदलू, सुतार बदलू की नाद सोडू? आणि स्वतः हात घालायचा तर काय सांभाळायचं?

सातपूरचा पटाशीवाला

दादा, नाद सोडू नका आणि बिजागरीला शिव्याही घालू नका. तीस वर्षं दारं लावतोय. दहातल्या आठ वेळा दुखणं दाराचं असतं आणि औषध स्प्रिंगला देत बसतात.

आधी दोन्ही स्प्रिंगा पूर्ण सैल करा. दार मिटून घ्या, कारण मिटलेल्या दारात स्प्रिंगवर सगळ्यात कमी ताण असतो. बिजागरीच्या नळीच्या डोक्यात षटकोनी चावी घाला (काही बिजागऱ्यांना गोल सळई लागते), थोडा ताण देऊन भोकातली बारीक पिन काढा आणि चावी हातात घट्ट धरून हळूहळू मागे येऊ द्या. चावी सोडली तर ती गरकन फिरते, बोटाची सालं निघतात. ताण असताना स्क्रू मात्र खोलू नका. बिजागरीची पट्टी चिमट्यासारखी मिटते. माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

आता ते दार साध्या दारासारखं झालं. एका बोटाने ढकलत मिटवा. कुठे अडतं? खाली फरशीला घासतं? वर कुलपाकडच्या कोपऱ्यात चौकटीला लागतं? पावसात फ्लश डोअर फुगतं, त्यातून खालच्या कडेला रंग नसेल तर पाणी ओढून घेतंच. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटरची फट हवी. घासणारं दार मिटवायला तुम्ही स्प्रिंग पिळता, आणि घासणं संपलं की तोच जास्तीचा जोर दार आपटतो.

मग ओळंबा. दोरीला एक नट बांधा आणि बिजागऱ्यांच्या नळ्यांशेजारी सोडा, समोरून बघा आणि बाजूनेही बघा. नळ्या खोलीकडे झुकल्या असतील तर दाराला उघडं राहायचीच ओढ असते. काय दिसतं ते लिहा, मग पुढचं सांगतो.

जुना पंचवटीकर

आमच्या पंचवटीच्या वाड्यात कसली स्प्रिंग आणि कसलं काय! दाराच्या वरच्या कोपऱ्याला सुतळी, चौकटीवर कप्पी, आणि सुतळीच्या टोकाला वाळूने भरलेली बाटली. दार उघडलं की बाटली वर, सोडलं की बाटली खाली आणि दार मिटलेलं. कप्पी कुरकुरली की आजी माजघरातूनच विचारायची, "कोण रे?" घंटीचा खर्च वाचला. जोर कमीजास्त करायचा तर मूठभर वाळू घाला नाहीतर काढा. हसू नका, तुमच्या चावी-पिनेपेक्षा सोपं आहे.

अंबडचा फिटर

बाटली वगैरे ठीक आहे, पण ७४ वर्षांच्या आईंसाठी मी स्प्रिंगची बिजागरी लावलीच नसती. तिला वेग आवरणारं काही नसतं. जितकी पिळाल तितकी दार फेकणार, आणि उघडताना तोच जोर आईंच्या हातावर येणार.

चौकटीवर बसणारा हायड्रॉलिक क्लोजर, म्हणजे दार आपोआप सावकाश मिटवणारं तेलाचं यंत्र, बघा. त्यातलं तेल दार आवरून धरतं. बहुतेकांना वेगाचे दोन स्क्रू असतात: एक दाराच्या मुख्य फेरीसाठी, दुसरा शेवटच्या वीतभर अंतरासाठी. म्हणजे दार सावकाश आणायचं आणि लॅच लागण्यापुरता शेवटी जोर द्यायचा, हे जमतं. तुमची नेमकी हीच अडचण आहे ना? स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका आणि पूर्ण बाहेर तर काढूच नका, तेल गळलं की क्लोजर भंगारात. ताकदीचे क्रमांक असतात. ईएन ११५४ या युरोपीय मानकात क्रमांक २ हा ८५० मिलिमीटर रुंद आणि ४० किलोपर्यंतच्या दारासाठी, क्रमांक ३ हा ९५० मिलिमीटर आणि ६० किलोपर्यंत. तुमचं अडीच फुटी दार ७६० मिलिमीटर भरेल, क्रमांक २ पुरे. मोठा घेतला तर आईंना दार लोटायला जड जाईल. क्लोजर लावलात तर स्प्रिंगच्या बिजागऱ्या काढून साध्या परत लावा, दोन्ही एकमेकांशी भांडतात.

आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेल घट्ट होतं आणि स्वस्तातले क्लोजर पहाटे रेंगाळतात. तेव्हा स्क्रू किंचित सैल करावा लागतो.

परसदार (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल रविवार दारातच गेला.

स्प्रिंगा सैल करून बघितलं. दार फरशीला घासतंच होतं, कोटा फरशीवर वाटोळी पांढरी रेघ उमटली आहे. ती रोज पुसतो, पण कशाची आहे हे कधी मनातही आलं नाही! खालच्या कडेला रंगाचा थेंब नाही. लाकूड नखाने दाबलं तर दबतं. ओळंब्यात नळ्या बाजूने सरळ आहेत, पण समोरून पाहिलं तर वरचं टोक कुलपापासून लांब, भिंतीकडे गेलंय, अंदाजे चार मिलिमीटर. आणि लॅचची जीभ पट्टीच्या भोकाच्या खालच्या काठावर घासते, तिथे पितळ चकाकतंय.

क्लोजरचं आईला विचारलं. म्हणाली, "दाराला मोटार नको." मोटार नसते हे सांगून झालं.

सातपूरचा पटाशीवाला

बघा, सापडलं. दार खाली पाचर मारून आधार द्या, मग काढा. खालची कड रंध्याने तीन मिलिमीटर घ्या, उन्हात वाळवा, दोन हात प्रायमर मारा. कड उघडी ठेवलीत तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हाच धागा.

परत लावताना वरच्या बिजागरीच्या चौकटीकडच्या पट्टीमागे पोस्टकार्डाच्या जाडीच्या पुठ्ठ्याचे दोन-तीन थर द्या. नळीचं वरचं टोक कुलपाकडे येतं आणि भिंतीकडच्या झुकावामुळे दाराला लागलेली उघडं राहायची ओढ कमी होते. पण तेवढंच दार वरच्या कोपऱ्यात चौकटीजवळ सरकतं आणि लॅचही जरा खाली येते, म्हणून तिथली फट आधी मोजा. पट्टीचं भोक शेवटी कानसीने खाली वाढवा. स्क्रूची जुनी भोकं सैल झाली असतील तर काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, सुकू द्या, मग स्क्रू. वरच्या बिजागरीला चौकटीत दोन इंची स्क्रू लावा, स्प्रिंग ओढते ती तिथेच.

आणि स्प्रिंग एकच ठेवा, वरची. खालच्या जागी जुनी साधी लावा. दार अर्धं उघडून सोडा, मिटलं नाही तर चावीने स्प्रिंग पिळून पिन एक भोक पुढे घाला, पुन्हा सोडून बघा.

एक सांगायचं राहिलं. दार आत उघडतं, म्हणजे स्प्रिंग हलकी ठेवून लॅच लागली नाही तर बोका डोक्याने ढकलून आत येईल. तेव्हा लॅच लागणं महत्त्वाचं. नाहीच जमलं तर कपाटाला लावतात तसला चुंबक, पण जाड, चौकटीत वर बसवा.

परसदार (धागाकर्ता)

पुढच्या रविवारचा वृत्तांत. कड तासली, प्रायमर मारला, पुठ्ठ्याचे दोन थर दिले, पट्टीचं भोक कानसीने दोन मिलिमीटर खाली वाढवलं. स्प्रिंग एकच, पहिल्याच भोकावर. दार "धाड" न करता "खट" करून लागतं. अर्धं उघडून सोडलं तर मिटतं, पण अगदी वीतभर उघडून सोडलं तर कधी लॅच लागते, कधी नाही. त्यासाठी चुंबक आणणार आहे.

आईची नवी तक्रार: कुरडयांची ताटं परसात नेताना दार उघडं राहायला हवं आणि आता ते राहत नाही. भिंतीला आकडा मारायचा तर दाराच्या मुठीपासून किती अंतरावर मारू?

सातपूरचा पटाशीवाला

मुठीजवळ नको, साडी अडकेल. दाराच्या वरच्या कडेपासून वीतभर खाली, कुलपाच्या बाजूला. दार पूर्ण उघडून भिंतीवर पेन्सिलने खूण करा, मग भोक पाडा. आईंचा हात तिथे पोचतो का, ते आधी त्यांना उभं करून बघा.