सिक्सचा पूल: घाईचे रेखाटन की पूर्ण चित्र?

मूळ मत

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४५ सालच्या ‘सिक्सचा पूल’ या एचिंगचा, म्हणजे ताम्रपट्टीवर आम्लाने कोरून छापलेल्या चित्राचा, विषय निघाला की मोहरीची गोष्ट हमखास सांगितली जाते. रेम्ब्रांटचा मित्र यान सिक्स याच्या घरी जेवायला बसल्यावर मोहरीची चटणी नसल्याचे लक्षात आले, नोकर ती आणायला गावात गेला आणि तो परतण्याआधी चित्र काढून दाखवण्याची पैज रेम्ब्रांटने जिंकली, अशी ती कथा आहे. जेर्सां या पॅरिसच्या चित्रव्यापाऱ्याने केलेल्या रेम्ब्रांटच्या एचिंगांच्या १७५१ सालच्या सूचीत ती आली, म्हणजे चित्रानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. या कथेमुळे जेमतेम १३ बाय २२ सेंटिमीटरचे हे चित्र आपण करामत म्हणून पाहतो आणि त्यातील रचनेकडे दुर्लक्ष करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. डावीकडची दोन विरळ झाडे, पुलाच्या कठड्याशी थांबलेली दोन माणसे आणि वरचे कोरे आकाश यांचा तोल विचारपूर्वक साधलेला आहे.

प्रतिसाद १

असहमत. कथा खोटी असेलही, पण वेग खोटा नाही. रेम्ब्रांटचेच १६४३ सालचे ‘तीन झाडे’ शेजारी ठेवून पाहावे. तिथे एचिंगवर ड्रायपॉइंट (पट्टीवर थेट ओरखडणारी सुई) आणि ब्युरिन (धातू कोरण्याचे हत्यार) चालवून आकाश पावसाने व ढगांनी भरून टाकले आहे. इथे पट्टीवरच्या मेणाच्या लेपावरून सुई एकदा फिरली आणि थांबली. झाडांच्या पानांसाठी नुसती नागमोडी रेघ पुरली आहे. हा तोल हाताच्या सवयीतून आलेला आहे, आणि त्याला आधी आखलेली रचना म्हटल्याने त्या हाताचे मोल कमीच होते.

प्रतिसाद २

वेगाचा मुद्दा रेषांपुरता मान्य आहे. परंतु सुईने रेघ ओढणे हे एचिंगचे अर्धेच काम असते. त्यानंतर ताम्रपट्टी आम्लात ठेवायची, लेप काढायचा, शाई भरून पुसायची आणि ओलसर कागदावर दाबाखाली ठसा घ्यायचा, एवढे सारे उरतेच. शिवाय या चित्राच्या तीन अवस्था, म्हणजे पट्टीत बदल करून घेतलेले वेगवेगळे ठसे, ज्ञात आहेत. पहिलीत दोन्ही माणसांच्या टोप्या पांढऱ्या आहेत, दुसरीत एक छायांकित होते आणि तिसरीत दोन्ही. नखाएवढ्याही नसलेल्या त्या टोप्यांसाठी पट्टीवर दोनदा पुन्हा हात फिरला आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

टोप्यांचा हा तपशील माझ्या मतापेक्षाही नेमका आहे. पहिल्या ठशात माणसे आकाशाच्या कोऱ्या कागदात विरघळतात, तिसऱ्यात ती पुलावर उभी राहतात.