परदेशी कारखान्यात सीएनसी टर्निंगसाठी मुलाखत : आधी व्हिडिओ, मग ट्रेड टेस्ट. तयारी काय करू?

प्रश्न
सीएनसी टर्निंगवर (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर) ऑपरेटर आहे, मशीनचा कंट्रोल फॅनुक कंपनीचा. सेटिंग येतं, प्रोग्रॅम वाचता येतो, नवीन लिहायची सवय नाही. परदेशातल्या ऑटो पार्ट्सच्या कारखान्यासाठी पुढच्या आठवड्यात व्हिडिओवर मुलाखत आहे. निवड झाली तर ट्रेड टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष कामाची परीक्षा. इंग्रजी जेमतेम, पण दुभाषी असेल म्हणतात. नेमकं काय विचारतात आणि टेस्टमध्ये लोक कुठे अडकतात?

टूलपोस्ट
इंग्रजीची धास्ती घेऊ नका. स्वतःचं काम आकड्यांत सांगता येतं का, हे आधी बघतात. 'सगळ्या प्रकारचे जॉब (मशीनवरचे नग) करतो' म्हटल्यावर समोरच्याला काहीच कळत नाही. एका मिनिटात बसेल एवढं लिहून काढा आणि मोठ्याने म्हणून बघा : चक (जॉब पकडणारा भाग) किती इंची, मटेरियल कोणतं, सगळ्यात बारीक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) किती, ऑफसेट (टूलच्या जागेची मापातली दुरुस्ती) स्वतः देता की सेटरला बोलावता. शेवटचं तर अगदी खरं सांगा, मशीनवर उभं राहिल्यावर ते लपत नाही.

दुभाषाला मशीनिंग माहीत असेलच असं नाही. छोटी वाक्यं बोला, आकडा जाड पेनाने कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरा. ०.०२ आणि ०.२ यांत ऐकताना गल्लत झाली तर तुमचं बरोबर उत्तरही चूक ठरतं.

गो-नोगो
टेस्टमध्ये मशीनच्या आधी मापात माणसं गळतात. मायक्रोमीटरवर स्लीव्हची (स्थिर नळीवरची) अर्ध्या मिलिमीटरची रेघ सुटणं ही नेहमीची चूक. स्लीव्हवर १२ च्या पुढची अर्धी रेघ दिसतेय, थिंबल (फिरता भाग) २८ वर, तर माप १२.७८. घाईत १२.२८ लिहिलं की जॉब अर्ध्या मिलिमीटरने चुकला. घेतल्यावर आधी दोन्ही फेस पुसा, बंद करून झीरो बघा, रॅचेटनेच दाब द्या. झीरो एरर अधिक असेल तर वाचनातून वजा करायची.

०.०२ लीस्ट काउंटच्या (सगळ्यात लहान वाचनाच्या) व्हर्नियरवर मेन स्केल २४ आणि १७ वी रेघ जुळली, तर २४.३४. हे न अडखळता यायला हवं.

दुसरा घोळ ड्रॉइंगचा. टायटल ब्लॉकमध्ये कापलेल्या शंकूचं चिन्ह असतं, त्यावरून फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (बाजूची दृश्यं कुठे काढायची याच्या दोन पद्धती) ते ठरतं. जपान-अमेरिकेकडची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात, युरोपात फर्स्ट अँगल जास्त. सवयीने वाचलं तर उजवीकडची बाजू डावीकडे समजाल. मापं इंचात असतील तर १ इंच म्हणजे २५.४ मिमी.

आरपीएमचं गणित हमखास विचारतात : १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. स्पीड १२० मीटर प्रति मिनिट आणि व्यास ४० मिमी असेल तर साधारण ९५५. लगेच पुढचा प्रश्न येतो, जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावल्यावर जी५० कशाला? फेसिंग (जॉबचं तोंड सपाट) करताना टूल सेंटरकडे जातं तसा आरपीएम वाढत जातो, त्याला वरची मर्यादा घालायला.

प्रश्नकर्ता
ऑफसेटवर तोंडी विचारतात का? बोअरच्या (आतल्या भोकाच्या) बाबतीत माझा अधिक-वजाचा गोंधळ होतो.

टूलपोस्ट
विचारतात, आणि गोंधळ बोअरवरच होतो. बाहेरचा व्यास २५.०४ आला, हवा २५.००, तर एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये −०.०४. बोअर २४.९७ आला तर भोक मोठं करायचंय, म्हणून अधिक. किती अधिक, ते टॉलरन्स बघून. ड्रॉइंगवर २५ एच७ (भोकाच्या टॉलरन्सचा दर्जा) लिहिलं असेल तर म्हणजे २५.००० ते २५.०२१. मधोमध २५.०१० धरा आणि +०.०४ द्या. नेमकं +०.०३ दिलंत तर अगदी खालच्या हद्दीवर बसाल. एच७ व्हर्नियरने मोजू नका, बोअर गेज किंवा प्लग गेज मागा. मागितलंत म्हणजे तुम्हाला कळतं, हे त्यांनाही कळतं.

ऑफसेट देण्याआधी 'बर (कडेची धातूची कुसळं) काढतो, पुसतो, जॉब गार होऊ देतो, पुन्हा मोजतो' हे आवर्जून सांगा. १०० मिमीचा स्टीलचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर साधारण ०.०२ मिमी मोठा दिसतो. गरम मापावर ऑफसेट दिला की पुढचे सगळे जॉब लहान येतात.

शिफ्ट-बी
सुरक्षेच्या प्रश्नाला 'हेल्मेट-बूट घालतो' एवढ्यावर थांबू नका. 'मशीनमध्ये हात घालायचाय, काय कराल?' याला बरेच जण 'इमर्जन्सी स्टॉप दाबतो' म्हणतात. ते अपुरं आहे, वीज आणि प्रेशर तसंच राहतं. क्रम असा : संबंधितांना सांगणं, मशीन थांबवणं, मेन स्विच बंद, स्वतःचं कुलूप आणि टॅग, हायड्रॉलिक-एअरचं प्रेशर सोडणं, मग स्टार्ट दाबून मशीन खरंच मेलंय याची खात्री. किल्ली स्वतःच्या खिशात. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नाहीत, आणि चिप्स हुकने काढायच्या, मशीन थांबल्यावरच.

'काही विचारायचंय का?' म्हटल्यावर गप्प बसू नका. सांगितलेला पगार मूळ आहे की ओव्हरटाइम धरून? आठवड्याचे तास किती? राहण्याचे, जेवणाचे किती कापणार? करारातलं पद आणि व्हिसावरचं पद एकच आहे ना? करार तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत सहीच्या आधी मागा आणि सही केलेली प्रत जवळ ठेवा. नोकरी लावून देण्याबद्दल एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात आहे. तरीही कुणी पैसे मागितले तर कशाचे ते लेखी आणि पावतीसह घ्या. व्हिसाच्या शिक्क्यासाठी पासपोर्ट द्यावा लागतो, तो दिल्याची पोच घ्या. तिथे पोचल्यावर 'सांभाळून ठेवतो' म्हणून कुणी मागितला तर देऊ नका.