हीटिंगच्या मदतीचा चेक कधी येतो? (मॅसॅच्युसेट्स)

प्रश्न
आम्ही वूस्टरला भाड्याने राहतो. सप्टेंबरात नवऱ्याचं काम गेलं. घरी सासूबाई आणि दोन मुलं. तळघरातली तेलाची टाकी आम्हालाच भरावी लागते. लाइहीपचा (हीटिंगच्या खर्चासाठी सरकारी मदत, इथे 'फ्युएल असिस्टन्स' म्हणतात) अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं, त्यात रक्कमही आहे, पण आठ दिवस झाले तरी चेक नाही. बँकेचा नंबर तर कुणी विचारलाच नव्हता. टाकीवरच्या नळीतला लाल गोळा पाव खुणेच्या बराच खाली गेलाय. पैसे नक्की येतात कसे?

उत्तर १
आमच्याकडे गॅस आहे. थेट बिलावर जमा दिसली, चेक कधीच आला नाही.

उत्तर २
ताई, चेकची वाट बघू नका, आजच तेल मागवा. मीही पहिल्या वर्षी अशीच पोस्टाच्या पेटीकडे डोळे लावून बसले होते. मुलांना जॅकेट घालून झोपवलं आणि पत्र मात्र फ्रिजवर लावलेलं होतं! आजही ते आठवलं की जीव तुटतो, कारण मदत तर केव्हाच मिळाली होती.

पैसा केंद्र सरकारकडून राज्याला, राज्याकडून तुमच्या भागातल्या संस्थेला आणि तिथून तेलवाल्याला जातो. पत्रातली रक्कम तुमच्या नावाने राखून ठेवलेली असते. अर्जात जो तेलवाला लिहिलात त्यालाच फोन करा, 'फ्युएल असिस्टन्सवर आहोत' असं आधीच सांगा. तो तेल टाकून पावती संस्थेला पाठवतो, संस्था त्याला पैसे देते. त्याचा संस्थेशी करार मात्र हवा. नसेल तर संस्थेकडून यादी मागून दुसरा निवडा. हे कर्ज नाही, फेडायचं नसतं.

भाड्यातच हीटिंग धरलेलं असेल तर नियम वेगळे, ते तुम्हाला लागू नाहीत.

आणि टाकी कोरडी पडू देऊ नका. नंतर नुसतं तेल भरून बर्नर पेटत नाही, लाइनमधली हवा काढायला माणूस बोलवावा लागतो. तेल संपायलाच आलं असेल तर संस्थेला तसं स्पष्ट सांगा. अशा अडचणीत ४८ तासांत आणि जिवाला धोका असेल तर १८ तासांत मदत पोचवायची, असं केंद्राच्या कायद्यातच आहे. सासूबाईंचं वय जरूर सांगा. तोवर ओव्हन उघडा ठेवून घर तापवू नका, त्यातून विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) साठू शकतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्नकर्ती
फोन केला. तेलवाला म्हणाला, तुमचं नाव आठवडाभर माझ्या यादीत आहे, तुमच्याच फोनची वाट बघत होतो. उद्या सकाळी शंभर गॅलन टाकतोय. ताई, काय बोलू! सासूबाई म्हणाल्या, तिला माझा आशीर्वाद कळव.

उत्तर २
पोचला. पावतीवरचे गॅलन आणि दर वहीत लिहून ठेवा, म्हणजे पत्रातल्या रकमेतले किती उरले ते कळेल. मार्चपर्यंत पुरवायचंय.