मदत हवी आहे: फिश टँकचं पाणी रात्रीतून खालच्या फ्लॅटपर्यंत गेलं, काच गळते की दुसरंच काही?

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय, घाईत आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची टाकी ३ बाय दीड बाय दीड फूट आहे, काठोकाठ भरली तर १९० लिटर पाणी बसतं. सहा वर्षं झाली, आजवर थेंब गळला नाही. परवा सकाळी उठलो तर हॉलमधे पाणीच पाणी, टाकीतलं ४ इंच उतरलेलं, म्हणजे ४० लिटरच्या वर. स्टँडचा प्लाय खालून फुगलाय, एक्स्टेंशन बोर्ड पाण्यात होता, आधी मेन स्विच पाडला मगच पाय ठेवला. आमचं निस्तरेल, पण खालच्या काकूंच्या पीओपीवर पिवळा डाग पडलाय आणि दिव्यापाशी थेंब धरतोय. काकू काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतंय. आई मात्र लई चिडली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई ती, तिला ४० लिटर वाया गेलेलं कसं बघवेल.

मागच्या डाव्या कोपऱ्यात पांढरी खारट रेघ दिसते, पण आमचं बोअरचं पाणी जड आहे, सगळीकडंच क्षार बसतात. मासे (दोन एंजल, बाकी मॉली) निळ्या ड्रममधे ठेवलेत, स्पंज फिल्टर चालू आहे. सिलिकॉन नुसतं वरून मारलं तर चालतं का? आणि काकूंचं छत कधी रंगवून द्यावं?

प्रतिसाद:
भाऊ, पहिले काकूंच्या त्या दिव्याचा एमसीबी पाडून ठेवा, छत कोरडं होईपर्यंत लावू नका. पुट्टीची घाई नको, ओल आत राहिली की महिन्याभरात पोपडे निघतात, पंखा लावून नीट वाळू द्या.

सिलिकॉन वरून मारून उपयोग नाही, जुन्यावर नवं धरत नाही. ब्लेडनं जुनं पूर्ण खरवडायचं, ॲसिटोननं काच पुसायची. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन अजिबात नको, मासे मरतात. ट्यूबवर ॲक्वेरियमसाठी असं लिहिलेलंच घ्या, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी भरू नका.

पण त्याआधी एक सांगा, त्या रात्री लाईट गेली होती का, आणि एअर पंप कुठं ठेवलाय? पंप पाण्याच्या पातळीखाली असला तर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं उतरतं.

धागाकर्ता:
गेली होती! दोनला गेली ती पहाटेच आली. पंप स्टँडच्या खालच्या कप्प्यात, एक्स्टेंशन बोर्डाशेजारीच. आत्ता उलटा करून बघितला तर आतून पाणी निघालं.

प्रतिसाद:
मग बहुतेक तेच. नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हवा पुढं जाते, पाणी उलटं येत नाही) बसवा आणि पंप टाकीच्या वर टांगा. तरी ती पांढरी रेघ नुसत्या क्षाराचीच आहे असं धरून चालू नका. टाकी गच्चीवर सपाट जागी थर्माकोलवर ठेवून भरा, पातळीला टेप चिकटवा, कोपऱ्याखाली कोरडा पेपर. दोन दिवस पेपर कोरडा राहिला तर काच शाबूत.

धागाकर्ता:
आजच करतो. टेस्टचं पाणी नंतर आईच्या कुंड्यांना घालतो, फेकणार नाही. काकूंकडं संध्याकाळी पेंटरला दाखवायला नेतोय. परवा इथंच कळवतो.