ड्रेपरीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जुन्या इटालियन-फ्लेमिश चित्रांवरून तैलरंगात व्यक्तिचित्रं शिकतो आहे. टिपणं मराठीत लिहितो. 'ड्रेपरी'ला, म्हणजे चित्रातलं कापड जसं पडतं-लोंबतं त्याला, शब्द कोणता? 'वस्त्रप्रावरणे' म्हटलं की नुसते कपडे होतात, कापड कसं पडलंय ते येत नाही. आणि जुनं चित्र बघून तसंच काढण्याला 'नक्कल' म्हणणं मला खटकतं.

– एकच शब्द शोधू नका, आपल्याकडे बरेच आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीत फ्लेमिश चित्रकार यान फान आयकचं १४३३चं व्यक्तिचित्र आहे, त्यातलं लाल पागोटं मी छापील चित्रावरून करत होते. (ते पागोटं नव्हेच, शॅपरॉन नावाचं टोपडं, टोकं डोक्यावर गुंडाळलेलं.) वहीत सगळीकडे 'सुरकुत्या' लिहिलं आणि रंगवलंही तसंच. सगळ्या कडा सारख्या, कापड चुरगळलेल्या कागदासारखं दिसायला लागलं. मग शब्द वेगळे केले. निरी हातानं घातलेली, एकसारखी. चुणी एका जागी आवळल्यामुळे पडते आणि तिथून फाकत जाते. दोन टोकांना धरलेलं कापड मधे लोंबतं तो झोळ. घडी मोडल्याची सरळ रेघ उरते. पागोट्यात बहुतेक पीळ आणि झोळच आहेत. झोळ म्हटलं की तो कुठून लटकलाय ते आधी शोधावं लागतं, आणि ते सापडलं की सावली कुठे गडद होणार ते कळतं.

चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो, लिओनार्दो मातीच्या पुतळ्यांवर चिखलात भिजवलेलं कापड टाकून त्यावरून चित्रं काढायचा. आपण कांजी घालतो तसंच, पडलेला झोळ हलू नये म्हणून.

– 'नक्कल'ऐवजी 'गिरवणे' घ्या. मायकेलँजेलोनं तरुणपणी, आधीचा चित्रकार मसाच्चो यानं रंगवलेल्या सेंट पीटरवरून केलेलं रेखाटन म्यूनिकमध्ये आहे. सगळी मेहनत त्या जड झग्यावर आहे. तो कित्ता गिरवत होता, नक्कल नव्हता करत.

– गिरवणं म्हणजे त्याच रेघेवरून हात फिरवणं. इथे मापं डोळ्यानं घ्यायची आहेत. 'कित्ता' मात्र चपखल आहे, तो समोर ठेवून वेगळ्या पानावरही उतरवतात. पूर्ण झालेल्या चित्राला 'प्रत' म्हणा.

– प्रश्नकर्ता: पटलं. वहीत आज लिहिलं: 'कित्ता – आयक, पागोटं. डावा झोळ, वरच्या पिळातून सुटलेला.' तेवढाच उद्या करणार आहे.