रोंदा–ग्रासालेमा सायकल फेरी: कोणत्या दिशेने जावं आणि कोणते गिअर लावावेत?

घाटवाट_सातारा

दक्षिण स्पेनमधल्या ‘पांढऱ्या गावां’ची फेरी एप्रिलच्या उत्तरार्धात करायची आहे. दोघं जण, हाताशी ६ दिवस. नकाशावर आखलेला मार्ग असा: रोंदा – साआरा – ग्रासालेमा – एल बोस्के – पुएर्तो सेर्रानो – ओल्वेरा – सेतेनील – रोंदा.

सायकल रोडची, ११ स्पीड. पुढे ५०/३४ दातांची चक्रं, मागे ११-२८ दातांची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच), ३२ मिमी टायर, डिस्क ब्रेक. मागच्या रॅकवर दोन पॅनिअर (बाजूला लटकणाऱ्या पिशव्या), सामान १४ किलो. पसरणी घाट सामानाशिवाय न थांबता होतो.

१) फेरी या दिशेने बरी की उलट? २) हे गिअर पुरतील का? ३) आम्ही दोघंही शाकाहारी, खेड्यांत काय मिळेल? ४) जुन्या रेल्वेमार्गावरच्या बोगद्यांसाठी वेगळा दिवा लागतो का?

उत्तरायण

दिशा उलटी करा. कारण एकच, पालोमास खिंड.

तुमच्या आखणीत साआराहून ग्रासालेमाकडे जाताना पालोमास समोरून अंगावर येते. तळ्याकाठच्या फाट्यापासून १२-१३ किमीत ८०० मीटरच्या आसपास चढ आहे आणि मधे विसाव्याला सपाटी जवळजवळ नाही. पसरणी घाट साधारण तेवढ्याच लांबीचा, पण त्याची सरासरी पाच टक्क्यांच्या आत आहे. इथे ती साडेसहाच्या आसपास जाते, आणि तुमच्याकडे १४ किलो सामान आहे. ग्रासालेमा गाव मुळातच ८०० मीटरवर असल्यामुळे त्या बाजूने हीच खिंड थोड्याशा चढात हाती लागते आणि अवघड बाजू उतारात जाते.

मी असं आखेन: रोंदा–सेतेनील–ओल्वेरा हा पहिला दिवस, साधारण ३५ किमी. अंतर कमी दिसतं, पण सेतेनीलला दोन तास द्यायलाच हवेत. नदीने कोरलेल्या कड्याच्या कपारीलाच पुढून भिंत घालून तिथे घरं केली आहेत; कित्येक घरांचं छप्पर म्हणजे अखंड खडक. दुसऱ्या दिवशी ओल्वेराहून ‘व्हिया वेर्दे दे ला सिएर्रा’ने पुएर्तो सेर्रानो. हा ३६ किमीचा मार्ग रेल्वेसाठी बांधला गेला, पण त्यावरून गाडी कधी धावलीच नाही. ३० बोगदे आणि ४ मोठे पूल तयार असूनही काम अर्धवट राहिलं. आता तो सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी आहे. ओल्वेराकडून निघालात तर एकंदर उतार मिळतो. तुमच्या आखणीत हाच टप्पा चढणीचा झाला असता. वाटेत साफ्रामागोनचा सुळका लागतो. तिथे गिधाडांची मोठी वस्ती आहे, दुर्बीण असेल तर वरच ठेवा.

तिसरा दिवस विलामार्तीन, प्रादो देल रेय करत एल बोस्के. यात ए-३८४ या हमरस्त्याचा तुकडा येतो. ट्रक असतात, तो सकाळीच उरकावा. चौथा दिवस ए-३७२ ने बोयार खिंड (११०३ मीटर) चढून ग्रासालेमा. एल बोस्के ३०० मीटरच्या आतबाहेर आहे, म्हणजे हा चढही ८०० मीटरचा. पण तो जास्त अंतरावर पसरलेला आहे आणि बेनामाओमा गावात पाणी भरून घेता येतं. पाचव्या दिवशी पालोमास ओलांडून साआरा, सहाव्या दिवशी रोंदा. शेवटच्या दिवशी ए-३७४ वर रहदारी राहील.

एक गोष्ट रोजच्या हिशेबात धरा. ही गावं किल्ल्याभोवती वसली आहेत. कास्तीयाचं (कॅस्टिल) ख्रिस्ती राज्य आणि ग्रानादाचं मुस्लिम राज्य यांची सरहद्द इथून जात असे. साआराचा किल्ला १४८१ साली ग्रानादाच्या सैन्याने परत घेतला आणि त्यातून पुढचं मोठं युद्ध पेटलं. त्यामुळे गाव टेकडीच्या माथ्यावर, आणि मुक्काम आला की शेवटचा एक-दीड किलोमीटर गडाची वाट चढावी तसा. ओल्वेरा आणि साआरात गल्ल्यांचा दगडी उतार इतका तीव्र आहे की सामानासह उतरून ढकलणंच शहाणपणाचं. अ‍ॅपवर ३५ किमी दिसले तरी हा शेवटचा तुकडा दमवतो.

(नावांबद्दल: नकाशावर ही नावं ‘झेड’ने लिहिलेली दिसतील. साआरामधला ‘ह’ उच्चारत नाहीत. रस्ता विचारताना ‘झहारा’ म्हटलं तर समोरचा गोंधळतो.)

दातेरी_चक्र

गिअर पुरणार नाहीत. आकडेच मांडतो. स्वार, सायकल, सामान, पाणी मिळून १०० किलो धरा. आठ टक्के चढ, पॅडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या:

३४/२८ ला (पुढे ३४, मागे २८ दात) वेग ताशी ९.४ किमी आणि लागणारी ताकद सुमारे २२० वॅट.
३४/३४ ला ताशी ७.८ किमी, सुमारे १८५ वॅट.
३०/३४ ला ताशी ६.९ किमी, सुमारे १६० वॅट.

२२० वॅट अर्धा तास देणारे सायकलस्वार आहेत, पण सलग सहा दिवस, रोज दोन-दोनदा ही वेगळी गोष्ट. ताकद कमी पडली की फेऱ्या ४०-४५ वर येतात, सगळा भार गुडघ्यावर जातो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. कमीत कमी ११-३४ कॅसेट लावा. पुढे ४६/३० चा क्रँक (पुढच्या चक्रांचा जोड) जमला तर उत्तम.

कॅसेट बदलण्याआधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा बघा. आखूड पिंजरा २८-३० दातांपर्यंतच धड चालतो. ५०/३४ सोबत ११-३४ म्हणजे (५०−३४)+(३४−११) = ३९ दातांची क्षमता हवी, त्यासाठी लांब पिंजऱ्याचा रोड डिरेलर घ्या. शिमानोच्या ११ स्पीड रोड शिफ्टरला त्याच ११ स्पीडचा एमटीबी (माउंटन बाइकचा) डिरेलर लावू नका, केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं असल्यामुळे गिअर जागेवर बसत नाहीत.

चेनही नवी आणि लांब लागते. मोठी चेनरिंग (पुढचं चक्र) आणि मागचं सर्वांत मोठं चक्र यांवरून, डिरेलरमधून न नेता, चेन वेढा. टोकं जिथे जुळतात त्यापुढे दोन कड्या जादा ठेवून तोडा. हे न करता जुनीच चेन ठेवली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला, तर चेन ताणून डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीसकट) मोडतो. हँगर फ्रेमनुसार वेगळा असतो, खेड्यातल्या दुकानात मिळायचा नाही. एक सुटा हँगर इथूनच न्या, सोबत चेनच्या दोन क्विक लिंक (चेन झटपट जोडायच्या कड्या).

ब्रेक. पालोमासहून साआराकडे उतरताना १०० किलो वजन ८०० मीटर खाली येतं, म्हणजे जवळपास ७८५ किलोज्यूल ऊर्जा हवेत नाहीतर ब्रेकमध्ये जाणार. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवले की रेझिन पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात, आवाज वाढतो, पकड जाते. सरळ पट्ट्यात सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडा, पुन्हा सोडा. मधे एकदा थांबून डिस्क थंड होऊ द्या; बोटाने तपासू नका, भाजतं. पॅडचे दोन जादा जोड ठेवा. पाऊस झाल्यावर वळणांवर खडी वाहून येते, आणि शेळ्या रस्त्यातच उभ्या असतात.

१४ किलो सगळे मागे नकोत. चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं आणि मागचे स्पोक तुटतात. तंबू किंवा कपड्यांची पिशवी हँडलला बांधा. जादा स्पोक नेताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते हे विसरू नका.

कांदाभजी_विरहित

जेवणापेक्षा तिथलं घड्याळ आधी सांभाळा. स्वयंपाकघर दुपारी साधारण २ ते ४ आणि रात्री साडेआठ-नऊनंतर. मधल्या वेळी गरम जेवण मिळणं अवघड. दुकानं दुपारी २ ते ५ बंद, रविवारी बहुतेक पूर्ण बंद. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचा पाव, चीज, केळी, सुकामेवा घेऊन ठेवा. शिवाय एप्रिलच्या मध्यात रोंदाला सूर्योदय पावणेआठच्या पुढे आणि सूर्यास्त नऊच्या आसपास. आपल्यासारखं पहाटे पाचला निघालात तर तीन तास अंधारात.

‘शाकाहारी’ एवढ्या शब्दावर भिस्त ठेवू नका. हॅम आणि ट्यूना हे ‘मांस’ नाही असं समजून ते सॅलडमध्ये सहज घातले जातात. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’ (मांस, हॅम, मासे, ट्यूना नको) असं चारही नावं घेऊन सांगा. सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव (तोस्तादा कोन तोमाते). अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया दे पातातास. गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप) बहुधा निर्धास्त. सालमोरेखोवर (त्याचाच दाट प्रकार) मात्र हॅमचे तुकडे पेरलेले असतात. मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतोच असं धरून चाला. पालक-हरभरे (एस्पिनाकास कोन गार्बान्सोस) मिळाले तर सोडू नका, चढाच्या आदल्या रात्री याहून चांगलं काही नाही.

घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्या. तूप, पेढे, खवा नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

गावातल्या कारंज्यावर ‘आग्वा पोताब्ले’ (पिण्याचं पाणी) असेल तर भरा. ‘नो पोताब्ले’ किंवा ‘नो त्रातादा’ (शुद्ध न केलेलं) असेल तर फक्त डोक्यावर ओतायला.

उत्तरायण

हवेबद्दल राहिलं. ग्रासालेमा स्पेनमधल्या सर्वांत ओल्या ठिकाणांपैकी, वर्षाला सरासरी २००० मिमीच्या आसपास पाऊस. कारण महाबळेश्वरचंच: समुद्रावरून आलेली दमट हवा पहिल्यांदा याच डोंगराला अडते. ऋतू मात्र उलटा, पाऊस शरद ऋतूपासून वसंतापर्यंत, उन्हाळा कोरडा. म्हणून एप्रिलमध्ये बोयारला पाऊस आणि दहाच्या खालचं तापमान धरूनच चला. उतारासाठी पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वाऱ्याचं जॅकेट वरच्या कप्प्यात. ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा, मिरवणुकांमुळे गल्ल्या बंद आणि खोल्या भरलेल्या असतात.

नियम_आधी

थोडक्यात: गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. रात्री पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि परावर्तक जॅकेट. ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असतं आणि बहुतेक सोडतात. दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे, पण आंधळ्या वळणाआधी एकामागे एक व्हा. आउतोपिस्तावर (द्रुतगती मार्गावर) सायकलला बंदी.

एव्हीई या जलद गाडीत सायकल सुटी करून १२० × ९० × ४० सेंमीच्या पिशवीत बसवावी लागते. विमानाचं पुठ्ठ्याचं खोकं याहून मोठं असतं. रोंदाला येणाऱ्या साध्या गाड्यांत उभी सायकल चालते, पण जागा मोजक्या, तिकिटासोबतच सायकलची जागा घ्या.

घाटवाट_सातारा

दिशा बदलली, कॅसेट आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर घेतो. बोगद्यांचं राहिलं.

दातेरी_चक्र

दिवा हवाच. बऱ्याच बोगद्यांत माणूस आला की दिवे लागण्याची सोय आहे, पण ती चालू असेलच असं नाही, आणि सर्वांत लांब बोगदा जवळपास एक किमीचा आहे. पुढे निदान ३०० लुमेन, आणि तो खाली झुकवलेला, कारण समोरून चालणारी माणसं येतात. मागचा लाल दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. उन्हाचा चष्मा तोंडापाशीच काढा; आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत खड्डा दिसत नाही, आणि छतातून पाणी ठिबकतं तिथे जमीन निसरडी असते.