मदत हवी आहे: फिशर-ट्रॉप्शमध्ये मिथेन कमीच होईना

एम.टेक.चा प्रोजेक्ट, पुण्यातली छोटी लॅब. फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेने कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि हायड्रोजनपासून द्रव इंधन बनवायचंय. कॅटलिस्ट गॅमा अॅल्युमिनावर १५ टक्के कोबाल्ट, फिक्स्ड बेड, नळीचा आतला व्यास १२ मिमी, २२० अंश, २० बार, हायड्रोजन-सीओ प्रमाण २:१. सीओचं रूपांतर ३० टक्क्यांच्या आसपास, पण मिथेन निवडकता (रूपांतर झालेल्या सीओपैकी मिथेन झालेला वाटा) २४ टक्के! कोबाल्टवर ८-१० अपेक्षित होती. द्रव इंधनाऐवजी नुसता गॅसच बनवतोय म्हणा ना.

तापमान २१० केलं, थोडाच फरक पडला. हॉट स्पॉट नको म्हणून बेडमध्ये सिलिकॉन कार्बाइड मिसळलं. बेडच्या मधला थर्मोकपल २ अंशांपेक्षा जास्त हलत नाही. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) दोनदा कॅलिब्रेट केला. रिडक्शन (कोबाल्ट ऑक्साइडचं धातूत रूपांतर) ३५० अंशांना, शुद्ध हायड्रोजनमध्ये, १० तास.

एक गोष्ट खटकतेय. रिअॅक्टर उघडला तेव्हा तोंडाजवळचं सिलिकॉन कार्बाइड तपकिरी झालेलं होतं. सीओचा सिलिंडर साधा स्टीलचा, बरेच महिने पडून होता. त्यात लोखंडाचं कार्बोनिल (लोखंड आणि सीओचं बाष्पशील संयुग) तयार होतं हे वाचलंय; तेच लोखंड कॅटलिस्टवर बसत असेल का, ही शंका. आमच्या लाइनवर ट्रॅप नाही.

(सीओ डिटेक्टर आणि एक्झॉस्ट दोन्ही आहेत, ती काळजी नको.)

अडचण अशी की कॅटलिस्ट जेमतेम ६ ग्रॅम उरलाय, म्हणजे दोनच रन. टीपीआर (तापमान वाढवत रिडक्शन मोजणं) करता येतं, एक्सपीएस (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी) नाही. अॅल्युमिनियमचा सिलिंडर या महिन्यात मिळणार नाही.

मग पहिला रन कशावर घालवू: सीओ लाइनवर अॅक्टिव्हेटेड कार्बनचा ट्रॅप लावून, की रिडक्शन ४०० अंशांना करून? आणि ट्रॅप लावायचा तर तो खोलीच्या तापमानाला पुरतो, की गरम ठेवावा लागतो?